ग्लँडची दोरी

वरोऱ्याच्या बाजारात मशिनरीच्या एखाद्या जुन्या दुकानात शिरा. पुढे पीव्हीसीचे पाइप, फूट व्हॉल्व्ह, पट्टे, फवारणीचे पंप. आत, मालकाच्या डोक्यामागे, खिळ्याला वेटोळं घालून टांगलेली असते ती. रंग काळा, अंग चौकोनी, हात लावला की बोटं काळी. शर्टाला लागली तर तो शर्ट पुढे शेतावरच घालायचा. एरवी तिच्याकडे कोणी बघत नाही. मागायला येणारा मात्र घाईत असतो, कारण त्याचा पंप उभा आणि ओलित अर्ध्यावर. "सहाची देऊ का आठची?" मालक विचारतो. गिऱ्हाईक अंगठा नि तर्जनी यांत अंदाजाने फट धरून दाखवतं. मालक हातभर तुकडा कापून तराजूत टाकतो. वजनावर विकली जाते ही. आणि ज्या कामासाठी विकली जाते ते काम बघितलं, तर भाव फारच कमी वाटतो.

पंपाच्या पोटात पंखा फिरतो आणि बाहेर मोटर फिरते. दोघांना जोडणारा शाफ्ट पंपाच्या भिंतीतून आरपार जातो. भिंतीला भोक आलं, भोकात फिरता लोखंडी दांडा आला, म्हणजे भोवती फट आली. फट ठेवली तर पाणी बाहेर उडतं. फट बुजवली तर दांडा अडकतो. या पेचावर जगाने काढलेला सगळ्यांत जुना तोडगा म्हणजे ही दोरी. शाफ्टभोवती एक छोटी नळकांडीसारखी पेटी करायची, तीत दोरीच्या चार-पाच कड्या एकामागे एक ठासायच्या, वरून ग्लँड नावाची टोपी बसवायची आणि दोन स्टडवरचे नट आवळायचे. टोपी मागून दाबते, दोरीला पुढे सरकायला जागा नसते, म्हणून ती आडवी फुगते आणि शाफ्टला बिलगते.

बिलगते, पण आवळत नाही. तिचा सगळा स्वभाव या एवढ्यात आहे. दांडा मिनिटाला दोन हजार आठशे-नऊशे फेरे मारत असतो आणि ही जागेवर बसून त्याला घासू देत असते. त्या घासण्याची उष्णता वाहून न्यायला तिला पाणी लागतं, आणि ते पाणी तिच्या अंगावरूनच बाहेर पडावं लागतं. म्हणून चांगलं भरलेलं ग्लँड गळतं. सेकंदाला एक थेंब, फार तर दीड. थेंब थांबला की पेटी तापते, दोरीतलं ग्रीस वितळून बाहेर येतं, करपल्याचा वास सुटतो, दोरी जळून काचेसारखी कडक होते आणि मग शाफ्टलाच खायला लागते. त्या दिवशी पाणी धारेने येतं, आणि कितीही आवळलं तरी थांबत नाही.

आमच्या भागातल्या जुन्या मिस्त्र्यांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं बोलणं अजून कानात आहे. पोरगा पाना घेऊन ग्लँडवर वाकला की ते ओरडत, "कायले आवळतं बे? पिऊ दे तिले पाणी!" स्वतः नट फिरवताना ते कधी अर्धा फेरा देत नसत. सहा पैलूंच्या नटाचा एक पैलू इकडे, एक पैलू तिकडे, मग बिडी. बिडी संपली की पुन्हा एक-एक पैलू. नवी दोरी नव्या चपलेसारखी असते. तिला अंगावर बसायला वेळ द्यावा लागतो. पहिला तासभर ती भरपूर गळते, आणि तेव्हाच माणसाचा धीर सुटतो. वरोरा-भद्रावती पट्ट्यातल्या जितक्या दोऱ्या झिजून मेल्या असतील, त्याहून जास्त पहिल्या तासात गळा आवळून मारल्या गेल्या असाव्यात, असं माझं मत आहे. पुराव्यादाखल कोणत्याही वर्कशॉपच्या भंगारातले ओरबाडलेले स्लीव्ह, म्हणजे शाफ्टवर चढवलेल्या नळ्या, बघावेत.

थेंब म्हणजे नासाडी, असंही काही जणांना वाटतं. चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा 46-47 वर जातो, तेव्हा असं वाटणं चूक म्हणता येत नाही. पण हिशेब करून बघावा. पाण्याचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब धरला तर मिनिटाला तीन मिलिलिटर, दिवसाला सव्वाचार लिटर, तेही पंप चोवीस तास चालला तर. आपल्याकडे वीज तितका वेळ असते कुठे? हे सव्वाचार लिटर वाचवायला जाऊन शाफ्ट बदलणारे लोक आहेत.

शेतातल्या पंपाची एक गंमत वेगळीच असते. पंप वर आणि विहिरीचं पाणी खाली. पंप ते ओढून घेतो, म्हणजे पंख्याच्या मागच्या बाजूला, जिथे आपली दोरी बसलेली असते तिथे, कित्येकदा दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो. अशा वेळी ग्लँडमधून पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. पंप "हवा घेतो", पाणी सोडतो, आणि घरधनी फूट व्हॉल्व्हला शिव्या देत विहिरीत उतरतो. खरं तर दोष वर असतो. म्हणून जाणत्या कंपन्या कड्यांच्या मधोमध भोकं असलेली एक पितळी किंवा बिडाची कडी बसवतात. तिला लँटर्न रिंग म्हणतात. पंपाच्या दाबाच्या बाजूकडून एक बारीक नळी काढून त्या कडीवर सोडलेली असते. दाबाचं पाणी तिथे येतं, अर्धं आत जातं, अर्धं थेंबाथेंबाने बाहेर. हवेला वाट बंद होते आणि दोरीला तिचं पाणी मिळतं. करंगळीएवढी ती नळी. रंग देताना बुजते, गाळाने तुंबते, किंवा कोणीतरी "कायले पाहिजे हे?" म्हणून काढून टाकतं आणि भोकात बोल्ट ठोकतं. दोरी भरतानाही चूक होते ती इथेच. आत एक कडी कमी-जास्त गेली की लँटर्न रिंग नळीच्या भोकासमोर येत नाही. पाणी येऊन भिंतीवर थडकतं आणि दोरी कोरडी राहते.

दोरीचं घराणं जुनं आहे. न्यूकोमेनच्या 1712च्या वाफेच्या इंजिनाला वरून झाकणच नव्हतं. दट्ट्याच्या कडेला चामडं लावत आणि दट्ट्यावर चक्क पाण्याचा थर ठेवत, तोच फट बुजवायचा. पुढे जेम्स वॅटने सिलिंडरला झाकण घातलं आणि झाकणातून दांडा बाहेर कसा काढायचा हा प्रश्न उभा राहिला. उत्तर होतं चरबीत भिजवलेला ताग, पेटीत ठासलेला. त्या काळची दोरी म्हणजे हीच, ताग आणि चरबी. इंग्रजांनी 1870च्या दशकात वरोऱ्याला कोळशाची खाण काढली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आणला, तेव्हा वाफेचं प्रत्येक यंत्र अशाच कुठल्या तरी दोरीच्या भरवशावर चाले. ती खाण 1906 मध्ये बंद पडली. गावाला स्टेशन राहिलं, आणि यंत्रं दुरुस्त करणारे हात राहिले.

मधल्या काळात दोरी ॲस्बेस्टॉसची झाली. उष्णता सोसण्यात तिला तोड नव्हती, पण त्या धाग्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते हे कळायला जगाने फार वेळ घेतला. जुन्या पंपातली कोरडी कडी उकरताना ती आधी ओली करावी, फुंकर मारू नये, हे आजही सांगावं लागतं, कारण ॲस्बेस्टॉसच्या दोऱ्या बाजारातून पूर्णपणे गेलेल्या नाहीत. आता ग्राफाइटची मिळते, टेफ्लॉनची पांढरी मिळते, आणि जिथे कचरा जास्त तिथे पिवळट ॲरॅमिडची. बुलेटप्रूफ जाकिटात जो धागा असतो त्याच जातीची. तिचा ताठा असा की साध्या चाकूला दाद देत नाही.

दोरीची खरी परीक्षा मात्र शेतावर होत नाही. वरोऱ्याच्या आसपास कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. पावसाळ्यात खाणीच्या तळाशी तळं साचतं आणि त्यावर पिंपांचा किंवा लोखंडी पत्र्याचा तराफा सोडून पंप तरंगत ठेवतात, म्हणजे पाणी वर आलं तर पंपही वर येतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर आमच्याकडे जहाज म्हणावं असं काही असेल तर हेच. त्या पाण्यात कोळशाची भुकटी असते. ती दोरीत रुतते आणि दोरी सँडपेपर होऊन स्लीव्हला खाजवत बसते. औष्णिक वीज केंद्रात याहून वाईट. कोळसा जाळला की राख उरते, ती पाण्यात कालवून पंपाने तलावाकडे ढकलायची. चंद्रपूरचं 2920 मेगावॉटचं सरकारी केंद्र असो की वरोऱ्याच्या एमआयडीसीतले खासगी प्रकल्प, आपल्या कोळशात राख भरपूर, तेव्हा राखेचे पंप कुठेच चुकत नाहीत. अशा पंपाच्या दोरीला पंपातलं पाणी पाजणं म्हणजे तिला राख पाजणं. म्हणून तिच्यासाठी वेगळं, स्वच्छ पाणी, वेगळा पंप, वेगळी पाइपलाइन. त्याला तिथे सगळे ग्लँड वॉटर म्हणतात. नियम एकच. ग्लँड वॉटरचा दाब पेटीतल्या दाबापेक्षा जास्त हवा, म्हणजे स्वच्छ पाणी आत जाईल आणि राख बाहेर येणार नाही. क्रमही ठरलेला: आधी ग्लँड वॉटर, मग पंप, बंद करताना आधी पंप, मग ग्लँड वॉटर. एवढ्या मोठ्या केंद्रात एका हातभर दोरीला स्वतःची सेविका आहे, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

समुद्रावर तिची सख्खी बहीण नांदते. बोटीत इंजिन आत आणि पंखा बाहेर, पाण्याखाली; शाफ्ट तळाच्या लाकडातून नाहीतर फायबरमधून आरपार. प्रश्न तोच, फक्त उलटा. इथे पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही, तिथे आत येऊ द्यायचं नाही. पंख्याची जहाजं नवी होती तेव्हा शाफ्टखालची पितळी बेअरिंगं बघता बघता झिजून जात. जॉन पेन या इंग्रज कारखानदाराने 1854 मध्ये त्यावर लिग्नम व्हिटीचा इलाज काढला. हे वेस्ट इंडीजकडचं लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. त्याच्या पट्ट्या नळकांड्यात बसवल्या, पट्ट्यांमध्ये फटी सोडल्या आणि त्या फटींतून समुद्राचं पाणी खेळू दिलं. तेल नाही, चरबी नाही, पाण्यानेच वंगण. आणि त्या नळकांड्याच्या आतल्या टोकाला, इंजिनाच्या बाजूने, दोरीची पेटी. कोकणातल्या कित्येक मासेमारी बोटींवर आजही तीच आहे. खाडीच्या गाळाने ती लवकर खराब होते, तांडेल तळातलं पाणी बघून अंदाज बांधतो, आणि बंदरात परतल्यावर दोन पैलू आवळतो. बोटीवर तिने थेंब कमी टाकावेत अशी अपेक्षा असते. चालताना मिनिटाला दोन-चार, उभी असताना एकही नाही. बोटीच्या तळातलं पाणी उपसावं लागतं, तेव्हा हा हट्ट रास्त आहे.

या हट्टातूनच तिची सवत आली, मेकॅनिकल सील. थेंबही न गळणारी. एक चकती कार्बनची, ती रबराच्या लवचीक भात्यावर बसवून जागेवर स्थिर. दुसरी स्टेनलेस स्टीलची, शाफ्टबरोबर फिरणारी. दोघींची तोंडं आरशासारखी घासलेली आणि भात्याच्या जोराने एकमेकींवर टेकलेली. मधे पाण्याचा इतका पातळ पापुद्रा की तो बाहेर ओघळतच नाही. दिसायला देखणी, भाव दोरीच्या कित्येक पट. पण पाणी तिलाही लागतंच, आणि दोरी निदान कुरकुर करत तापते, वास देते, सूचना देते. ही कोरडी पडली की सरळ तडकते.

बोटीवर ती कोरडी पडते कशी, चहूकडे समुद्र असताना? बोट पाण्यात सोडली की शाफ्टच्या नळकांड्यात वरच्या टोकाला हवा अडकते, आणि सील नेमकी त्याच टोकाला असते. संथ बोटीत भात्याच्या नळीला एक पाइप जोडून तो पाण्याच्या पातळीच्या बराच वर नेऊन ठेवला की हवा निघून जाते. वेगाच्या बोटीत मात्र पळताना नळकांड्यातलं पाणी मागे ओढलं जातं. तिथे दाबाने पाणी घालावंच लागतं. ते आणायचं इंजिन गार करणाऱ्या समुद्राच्या पाण्यातून. पंपाने खेचलेलं पाणी हीट एक्स्चेंजरमधून बाहेर पडतं आणि धुराच्या पाइपात सोडलं जातं, त्या दोहोंच्या मध्ये एक टी बसवायचा आणि तिथून बोटभर जाडीचा पाइप सीलकडे न्यायचा. काम एवढंच. पण दोन इंजिनांची बोट असेल तर आणखी एक पेच. एक इंजिन बंद पडलं आणि बोट दुसऱ्यावर चालली, तर बंद इंजिनाचा पंखा पाण्याच्या ओघाने फिरतच राहतो, शाफ्ट फिरतो, सील फिरते, पाणी मात्र येत नाही. म्हणून दोन्ही सीलचे पाइप आपसात जोडून ठेवतात, एकीचं पाणी दुसरीला मिळावं म्हणून.

आता समजा, एखाद्या वरोरेकराला मुंबईत कोणा नातेवाइकाच्या बोटीसाठी हे सामान जमवायचं आहे. टी, निपल, क्लिप, बॉल व्हॉल्व्ह, पाइप, ही सगळी नावं आपल्या दुकानातली. थोडक्या पैशांत पिशवी भरून मिळेल आणि त्यातलं जवळजवळ काहीही चालणार नाही. विहिरीवर पितळ जन्मभर टिकतं. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, उरतं ते लालसर, ठिसूळ तांबं, आणि एके दिवशी निपल हातात मोडून येतो. तिथे ब्राँझ हवं. क्लिप 316 जातीच्या स्टेनलेसची, स्क्रूसकट, आणि प्रत्येक टोकाला एक नाही, दोन. कारण पाण्याखालच्या बाजूचा पाइप निसटला तर बोट बुडू लागते. पाइप दोरा विणलेला, समुद्री कामाचा. कूलरला लावतो तो पारदर्शक नाही. आणि आटे! आपल्याकडचं सगळं ब्रिटिश आट्यांचं. इंजिन अमेरिकेचं असेल तर त्याचे आटे वेगळे. अर्ध्या इंचाच्या मापात दोन्हीकडे इंचाला चौदाच आटे, म्हणून एकात दुसरा दोन-तीन फेरे खुशाल जातो, माणूस समाधानाने टेफ्लॉनची पट्टी गुंडाळतो, पण आट्यांचे कोन निराळे, एकाचा 55 अंशांचा, दुसऱ्याचा 60. ते कधीच नीट बसत नाहीत. अशा सामानासाठी आपण नागपूरला इतवारीच्या लोहाओळीत जातो, आणि तिथे नसेल तर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला. बोटीचं खास हवं असेल तर दारूखाना. जहाजं तोडण्याचा जुना धंदा तिथला, आणि जहाजावरून उतरलेलं ब्राँझ अजून तिथे ढिगाने असतं.

आमच्या नद्यांवर हे काही लागत नाही, हे खरं. ढिवर-भोयांच्या डोंग्याला शाफ्टच नाही, तो गळलाच तर फळीच्या सांध्यातून गळतो. जुलै 2022 मध्ये वर्धा नदीला पूर आला, तालुक्यातली गावं वेढली गेली, तेव्हा बचावपथकांच्या रबरी बोटी आल्या. त्यांची इंजिनं मागे टांगलेली. त्यांच्या पोटातही रबरी पाकळ्यांचा एक इवलासा पंप पाणी खेचतो, आणि इंजिन गार होत असल्याची खूण म्हणून मागून एक बारीक धार सतत उडत असते. चालवणारा दर थोड्या वेळाने मागे वळून बघतो, धार आहे ना. पुराच्या गाळाने ती थांबली की इंजिन बंद करायचं. दोरीचा थेंब बघणारा मिस्त्री आणि ही धार बघणारा जवान एकाच कामावर आहेत.

दोरी बदलायची वेळ आली तर एक पथ्य पाळा. जुन्या कड्यांवर एक नवी कडी टाकून भागवू नका. आतल्या कड्या जळलेल्याच असतात आणि नवी एकटी सगळा भार घेते. स्टीलच्या तारेला वळसा देऊन हूक करा, एकेक कडी उपटून काढा, लँटर्न रिंगही काढा आणि तिची जागा मोजून ठेवा. नव्या कड्या शाफ्टएवढ्या दांड्यावर गुंडाळून तिरक्या कापा. बसवताना दोन कड्यांचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. आणि दुकानात जाताना नमुना म्हणून जुनी कडी नेऊ नका. ती दबून बारीक झालेली असते, तिच्या मापाची घेतली तर बारीकच मिळेल. पेटीचा आतला व्यास मोजा, त्यातून शाफ्टचा वजा करा, उरेल त्याचं निम्मं करा. पेटी 51 मिलिमीटर, शाफ्ट 35, तर दोरी आठची.